खंडेनवमीचं झाकण

खंडेनवमीच्या सकाळी शलाकानं मिटलेल्या लॅपटॉपवर काम सुरू केलं आणि तिच्या खोलीचं छत हातभर खाली आलं. पंखा बंद होता, हे नशीबच म्हणायचं.

झालं होतं असं. सासूबाईंनी, म्हणजे विमलताईंनी, आंघोळ झाल्याबरोबर घरातली हत्यारं पाटावर पूजेला मांडली. विळी, कात्री, अडकित्ता, पाना आणि मधोमध शलाकाचा लॅपटॉप. झाकणावर हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं टपोरं फूल. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, उघडायचं तर त्याहून नाही. आणि तिकडून बर्वेसाहेबांचा फोन, "फ्लॅटचे नकाशे आज हवेत. जमत नसेल तर सोमवारी येऊच नकोस." आता बाईनं करावं काय? नोकरी घालवायची की सासूचा शब्द मोडायचा? तिनं युक्ती काढली. लॅपटॉप पाटावर तसाच ठेवला, लांब वायर दाराखालून आतल्या खोलीत नेली आणि तिथं मोठा स्क्रीन, कॅमेरा अन् कीबोर्ड जोडला. सापही मरावा आणि काठीही मोडू नये!

"झाकण मिटलेलं आहे ना? मग बस खुशाल," विमलताई म्हणाल्या.

शलाका बसली. पहिला नकाशा होईस्तोवर छत कपाटाला टेकलं आणि कपाट मुकाट्यानं बुटकं झालं. दारही तेवढंच झालं.

"आई, छत खाली येतंय हो," तिनं आतून हाक मारली.

"येणारच. मिटलेल्यात बसल्यावर आणखी काय होणार?" विमलताई बाहेर फुलवाती वळत होत्या. "उद्या उत्तरपूजा झाली की उघडू."

शलाका खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. मग पालथी झोपली. स्क्रीनही पट्टीएवढा चपटा झाला होता आणि त्यात बर्वेसाहेबांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"तुझ्याकडे अंधार दिसतोय. दिवा लाव."

"लावलाय, साहेब."

"मग झेंडू बाजूला कर."

वर छताला हळदीचा वास सुटला होता. गिलाव्यातून एखादी अक्षता तिच्या मानेवर पडत होती. तिनं कीबोर्डवरून हात काढले, साहेबांना सरळ सांगितलं, "मी थांबते." ती थांबली. छत थांबलं नाही. आग लागो त्या युक्तीला, ती मनात म्हणाली, आणि तिला रडू आलं.

दाराची आता नुसती फट उरली होती. तिथं तिची सहा वर्षांची रेवा गाल जमिनीला टेकून बघत होती.

"आई, तू तिथं कशी मावलीस?"

"रेवा, माझी शहाणी ना तू? पाटावरचा लॅपटॉप उघड. फूल पडलं तर पडू दे."

"आजी ओरडेल."

"ओरडू दे. मला बाहेर यायचंय, बाळा."

रेवाची पैंजणं छुमछुमत गेली. थोड्या वेळानं डोक्यावर काहीतरी घासलं आणि छताची एक कड वर उचलली गेली. लख्ख उजेड आत आला. झेंडूची एक पाकळी आली, चादरीएवढी. त्यामागून फटीत चार बोटं शिरली. एकेक बोट उशीएवढं, नखांवर शलाकानंच सकाळी लावलेलं गुलाबी नेलपेंट.

"हां, आता दिसलीस," बर्वेसाहेब म्हणाले.

"अगं कार्टे! पूजेतलं उघडतात का कधी?" वरून विमलताईंचा आवाज आला आणि छतावर तळहाताचा भार पडला. फट निम्मी झाली.

"आई, थांबा! पोरीची बोटं आहेत!" शलाका जिवाच्या आकांतानं ओरडली. तिचा आवाज वायरीतून गेला आणि पाटावर बारीकशी घंटी वाजली.

"बघ, देवाचीसुद्धा घंटी वाजली," विमलताई म्हणाल्या.

"रेवा, बोटं काढ! सोड झाकण!"

"तू आधी बाहेर ये," रेवा रडत म्हणाली.

शलाकानं गुडघे पोटाशी ओढले, तळवे जमिनीला रोवले आणि पाठ छताला लावली. वर विमलताईंच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी दुसरा हात ठेवला होता. बोटं अजून फटीतच होती.