तुटल्याची खूण

ठमीच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती रडत नव्हती.

विणकरीण पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. पदराला ओढ बसली म्हणून तिने खाली पाहिलं, तर वर्ष नुकतंच उलटलेली लेक पायाशी उभी, हनुवटीवर लाल ओघळ. ठमीने दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवल्या आणि झटक्यात सोडवल्या. म्हणजे, तुटलं.

विणकरणीने लेकीला उचललं, ओठ पुसला. मग हवेतला न दिसणारा धागा चिमटीत धरून पीळ दिल्यासारखं केलं आणि ते बोट जखमेवर अलगद टेकलं. म्हणजे, गाठ मारली. ठमीला तेवढं पुरे होतं.

एवढ्यात सासूबाई जिन्यावरून धावत आल्या. वाळत घालायचे कपडे तसेच हातात.

"अगं, केवढ्यांदा आपटली ती! मला वर गच्चीत ऐकू आलं, आणि तू खुशाल भांडी घासतेयस?"

"नळ चालू होता ना, आई."

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं मात्र, तिने असं भोकाड पसरलं की फुटलेला ओठ पुन्हा वाहू लागला.

"बघितलंस? माझ्याकडे आली की गळा काढते. तुझ्यापाशी नुसते हातवारे. त्या कारखान्यातल्या खाणाखुणा शिकवून शिकवून पोरीची वाचा घालवलीस तू."

"रडते आहे की एवढी."

"रडायला मुक्यालाही येतं," सासूबाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांचाच चेहरा उतरला. दोघींच्या मनात कधीपासून घर करून बसलेली भीती आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली होती.

खाणाखुणा कारखान्यातल्या होत्या हे मात्र खरं. मागांच्या खडखडाटात शेजारणीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. तिथे सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालतो. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, मुकादम आला, आज त्याचं बायकोशी भांडण झालेलं दिसतंय, सगळं. बाळंतपणात घरी बसली तेव्हाही विणकरणीचे हात काही गप्प बसले नाहीत. दूध पाजताना मूठ उघडमीट, वाटी रिकामी झाली की दोन्ही पंजे उताणे. ठमीने ते कधी उचललं ते कळलंही नाही. शेजारच्या मागावरची जोडीदारीण मोठ्या कौतुकाने खुणेनेच म्हणाली होती, "तुझी पोरगी जन्मली तीच कामावर रुजू झाली की गं." तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

आता हसू येत नव्हतं. शेजारपाजारची तिच्याएवढी पोरं आई म्हणत, बाबा म्हणत, मांजराला हाका मारत. ठमी मूठ उघडायची आणि मिटायची. ज्याला ऐकूच येत नाही ते पोर बोलणार कसं, हा विचार मागावर, स्वयंपाकात, अंघोळीच्या वेळीही विणकरणीचा पिच्छा सोडत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिने रजा टाकली आणि तिघी मोठ्या दवाखान्यात गेल्या.

बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. सासूबाईंना समोरच्या भिंतीशी जागा मिळाली. त्यांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. इतक्या लांबून कुणाला ते कळलं नसतं, पण विणकरणीने सहज वाचलं. देवा, माझे कान घे, पोरीला दे. माझं ऐकून झालंय सगळं. तिने नजर खाली वळवली. दुसऱ्याचं पत्र उघडून वाचल्यासारखं वाटलं तिला.

तपासणीची खोली जाड गाद्या लावून बंद केलेली होती. तपासणीच्या बाईंनी ठमीला आईच्या मांडीवर बसवलं, सासूबाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली.

"आवाज डावीकडून येईल, नाहीतर उजवीकडून. तुम्हाला ऐकू आला तरी वळायचं नाही हं, आई. बोलायचंही नाही. तुमच्याकडे बघून बाळ वळलं तर काही कळणार नाही आम्हाला."

बाई काचेपलीकडे जाऊन बसल्या. विणकरणीने श्वास रोखला.

ठमीने डावीकडे मान वळवली. मग वर दिव्याकडे पाहिलं. मग उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे, जरा घाबरून मागेही पाहिलं. अशी चुळबुळ केली तर खऱ्या आवाजाच्या वेळी काय दिसणार? विणकरणीने दोन्ही हातांनी लेकीचे गाल धरले आणि तोंड सरळ समोर केलं. ठमी पुन्हा वळली. तिने पुन्हा सरळ केलं. काचेपलीकडे बाई हाताने नको, नको करत होत्या. ते लेकीच्या चुळबुळीबद्दलच आहे असं विणकरीण समजली आणि तिने गाल अधिकच घट्ट धरले.

शेवटी तिच्याने राहवलं नाही. काचेकडे बघून ती अजिजीने म्हणाली, "थोडं थांबा, मी करते हिला शांत. मग सुरू करा."

बाई जागच्या उठल्या. कोपऱ्यातल्या सासूबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

बाई आत आल्या, गुडघे टेकून तिच्या अगदी समोर बसल्या. ओठ सावकाश हलवत त्यांनी विचारलं, "आई, एकही आवाज नाही आला तुम्हाला?"

"सुरू कुठे झालं होतं?"

"झालं, आणि संपलंसुद्धा. तुमच्या बाळाला सगळं ऐकू येतं. अगदी बारीकसुद्धा."

सगळं ऐकू येतं. विणकरणीने हे शब्द बाईंच्या ओठांवरून उचलले आणि तिला लेकीला छातीशी कवटाळायचं होतं, पण हातच उचलेनात. नळ चालू होता ना, आई. किती दिवस ती नळाच्या नावावर खपवत आली होती. मागाची लय बिघडली तर तिला हल्ली तळहाताने चाचपून कळायचं, आणि तेही ती अनुभवाच्या नावावर खपवत आली होती.

आणि ठमी. ठमीने आधी हाका मारल्याच असतील की. पाठीमागे बसून, पाळण्यातून, दाराआडून. पुन्हा पुन्हा मारल्या असतील. मग एके दिवशी त्या चिमुरड्या जिवाला कळून चुकलं असेल, या बाईला हाक पोचत नाही. हिच्यापर्यंत चालत जायचं, पदराला ओढायचं आणि हाताने सांगायचं. रक्त आलं तरी.

"मी रात्री हिच्या शेजारी एकटी झोपते," ती बाईंना म्हणाली. आवाज केवढा लागला तिला कळलं नाही. "दिवा बंद करून."



सासूबाई उठून जवळ आल्या. नेहमीसारख्या बाजूला उभं राहून बोलायला लागल्या, मधेच थांबल्या, आणि वळसा घालून सुनेच्या तोंडासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दिवा चालू राहू दे आजपासून," त्या म्हणाल्या. "आणि मी तुमच्याच खोलीत झोपते. घोरेन, पण तुला काय त्याचं."

विणकरणीच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि तिथेच मोडलं. ठमी खालून टक लावून तिच्याकडे बघत होती. लेकीला काय सांगावं, कुठल्या शब्दांत सांगावं, तिला उमजेना. तिने आपल्या तर्जन्या एकमेकींत अडकवल्या, सोडवल्या, आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं.

ठमीने नीट पाहून घेतलं. मग तिने हवेतला धागा चिमटीत धरला, जमेल तसा पीळ दिला, आणि मांडीवर उभी राहून ते थुंकीने ओलं झालेलं बोट आईच्या कानावर टेकवलं. एका कानावर, मग दुसऱ्या.