आई खोलीत होती

"म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही?" आरोपीच्या वकिलांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

एकदा विचारून समाधान झालं तर तो वकील कसला! हॉस्पिटलात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत, कारण मानसशास्त्रज्ञ म्हणताना जीभ अडखळते, एवढंच. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत सव्वीस वर्षं बसून त्यांनी मार खाल्लेल्या बायकांचं, घरातल्याच माणसांनी छळलेल्या पोरांचं ऐकून घेतलं होतं आणि कोर्टात येऊन सांगितलं होतं. दर वेळी कुणीतरी त्यांची अक्कल काढायचंच. आताशा त्यांना राग येत नसे, कंटाळा येई.

खटला नऊ वर्षांच्या मुलीचा. आरोपी तिचा सख्खा मोठा काका. तक्रार केली म्हणून सगळं सासर मुलीच्या आईला पाण्यात पाहत होतं. नवऱ्यानंसुद्धा भावाचीच बाजू धरलेली. मुलगी पोलिसांपुढे बोलली नव्हती. बोलली ती फक्त बाईंपुढे, एकदाच, आणि तीही आई खोलीत असताना. नियम असा की मुलाशी एकट्यानंच बोलायचं, म्हणजे घरच्यांनी पढवलं असं कुणी म्हणू नये. पण पोर आईला दाराबाहेर जाऊच देईना. तासभर गेला. शेवटी बाईंनी आईला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बजावलं, हूं की चूं करायचं नाही. तिनं खरंच केलं नाही.

अहवालात 'खोलीत हजर व्यक्ती' असा रकाना असतो. त्यात बाईंनी लिहिलं, कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पोरीच्या मावशीचं नाव त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि मावशीनं पढवलं या सबबीवर त्यातला आरोपी मिशीवर ताव देत सुटला होता. म्हणून या खेपेला हा शहाणपणा.

"मुलीशी बोलताना खोलीत आणखी कोण होतं?" वकिलांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आरोपीची बायको, म्हणजे मुलीची काकू, त्या दिवशी जावेची समजूत घालायला हॉस्पिटलात आली होती आणि व्हरांड्यात बसून होती. आई आतच राहिली हे तिनं पाहिलं असणार आणि वकिलांच्या कानावर घातलं असणार. पण तिचा शब्द कोण मानणार? ती तर आरोपीचीच बायको. बाईंनी नुसतं 'कोणी नव्हतं' म्हटलं असतं, तर वकिलांना तो विषय सोडावा लागला असता. हे बाईंनाही कळत होतं. लिहिताना हात अडखळला नव्हता, पण शपथ घेतल्यावर खोटं बोलायला जीभच वळेना.

"आई होती," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहिलं नाही. ती एक शब्दही बोलली नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

एवढं घबाड हाती लागेल असं वकिलांनाही वाटलं नसावं. पुढचा अर्धा तास त्यांनी बाईंची सालटी काढली. आणखी काय काय लपवलंत, इतक्या वर्षांत किती अहवाल असे शिजवलेत, सगळं विचारून झालं. मग न्यायाधीशांना म्हणाले, आई पोरीला पढवते हे आता दिसतंच आहे, तेव्हा पोरीची साक्ष होताना आई आत नको. आई शेजारी बसणार या कबुलीवर तर पोर आज आली होती. न्यायाधीशांनी वकिलांचं म्हणणं मान्य केलं.

व्हरांड्यात सरकारी वकिलांनी बाईंना गाठलं. "हात दाखवून अवलक्षण केलंत. कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"त्यांनीच विचारलं," बाई म्हणाल्या.

सरकारी वकील पाय आपटत आत गेले.

महिला पोलीस मुलीला न्यायला आली. मुलीची बोटं आईनं आपल्या हातातून एकेक करून सोडवली. मी इथंच आहे, म्हणाली. मुलगी आत गेली आणि दार लागलं. बाई आईच्या शेजारी बाकावर बसल्या.

"मी भिंतीकडं बघत होते," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पोर काय काय सांगत होती, तरी मी मागं वळून पाहिलं नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"हो."

"आणि तुम्हाला एक शब्द गिळता आला नाही."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तर त्यांच्यापाशी होतं, कुठल्याही सभेत टाळ्या मिळाव्यात असं. पण ते या आईच्या काय कामाचं?

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. पोरगी तोंडच उघडत नाही, महिला पोलीस म्हणाली, नुसती दाराकडं बघतेय; साहेब आणखी दहा मिनिटं वाट बघणार आहेत. दार पुन्हा लागलं.

बाईंनी आईच्या खांद्याकडे हात नेला. आई उठली. व्हरांड्यात दुसरा बाक एकच होता आणि त्यावर काकू बसली होती. तिनं वर्षभरात जावेला शिव्याशाप द्यायचे बाकी ठेवले नव्हते. आई त्या बाकाकडे गेली. काकूनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. दोघी जावा बंद दाराकडे तोंड करून बसल्या.