रेडिओबाबाची पत्र्याची मोटार

जयसिंगपूरच्या बाजारपटांगणात काय ती गर्दी! का, तर रेडिओबाबा आलेत. राहायचं-झोपायचं सगळं मोटारीतच. आत पलंग, शेगडी अन् एक रेडिओ. त्या रेडिओत म्हणे मेलेली माणसं बोलतात! अट एवढीच, की मयताचा मोबाईल पासवर्डासकट आठवडाभर बाबाकडं 'शुद्धीला' ठेवायचा. आणि शिकलीसवरली माणसं ठेवत होती हो!

नेमगोंडांनी चाळीस वर्षं ट्रकांना रेडिओ बसवून दिले. बाबाचं नाव काढलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण बायको, राजमती, सम्मेदचा मोबाईल देऊन आली होती, म्हणून आज तेही मोटारीत बसले. त्यांच्या ह्या एकुलत्या एका पोराला, सम्मेदला, पाच महिन्यांपूर्वी घरी येताना ट्रकनं उडवलं होतं.

"आत्म्याची लाइन लागतीया, हलू नका!" बाबानं बटण फिरवलं. खरखर थांबली अन् रेडिओतून सम्मेदचा आवाज आला.

"आलोच. धा मिनटं. वाढाय घ्या."

राजमतीनं रेडिओ छातीशी धरला. "ये रं लेकरा, वाढलंय की!"

नेमगोंडांच्याही डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, असू दे बाबा खरं. पण हा निरोप त्यांना तोंडपाठ होता. सुरुवातीची 'अप्पा' ही त्यांना मारलेली हाक तेवढी कापली होती. आणि एरियल तर मिटलेली.

"बाबा, आता आकाशवाणी लावा," नेमगोंडा म्हणाले.

नुसती खरखर.

"कशी लागंल?" नेमगोंडा म्हणाले. "गाडी सगळी पत्र्याची. टपावर एरियल लावल्याबिगर आत स्टेशन धड धरत न्हाय. आकाशवाणी शिरंना, अन् स्वर्ग बरा घुसतोय!"

"देवाचं हाय ते, हात लावू नका!" बाबा ओरडला, तोवर त्यांनी शेगडीखालचं कपाट उघडलं. आत सम्मेदचा मोबाईल, त्याला वायरनं जोडलेलं, गाडीत गाणी ऐकायला लावतात तसलं छोटं यंत्र. मोबाईलमधला आवाज ते चार हातांवरच्या रेडिओत सोडत होतं.

"त्यानं मला धाडलेला शेवटचा निरोप हाय ह्यो," नेमगोंडा म्हणाले. "माझ्याबी मोबाईलवर हाय. तुला ऐकवायचं धाडस झालं न्हाय."

राजमतीनं त्यांच्या छातीवर मुठी मारल्या. "घरात हुता माझा पोरगा! पाच म्हयनं! मग मला ह्या चोराच्या दारात का येऊ दिलंसा?"

नेमगोंडा रडतच मोटारीच्या दारात आले अन् बाहेरच्या गर्दीला म्हणाले, "पावणं, गेलेलं माणूस परत बोलत न्हाय. आवाज तुमच्याच मोबाईलमधला हाय, तो घरी न्या. मिळून ऐका, मिळून रडा. आणि कुणी चमत्कार दावला, तर आधी कपाट उघडाय लावा."

मग त्यांनी राजमतीचा हात धरला. घरी जाऊन दोघांनी तो निरोप पहिल्यांदाच एकत्र ऐकला, 'अप्पा'पासून.