खिडकी पस्तीसची, डोळा पन्नासचा

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, कॅमेऱ्याची, पन्नासची. पन्नास हे माझे वय नव्हे, तो माझा नंबर. वय विचारू नका. माझा काळा रंग कडांना उडून आतले पितळ दिसू लागले आहे, त्यावरून काय तो अंदाज बांधा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझी भिंगे पुसून पुसून नळीत बसवली आणि एका तपासनीस बाईंनी मला मापाच्या यंत्रावर चढवले. खूप दूरचे दृश्य नीट उमटायला फिल्म माझ्यापासून जेवढ्या अंतरावर लागते, ते अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे, की झाला आमचा नंबर. नंबर मोठा तर दृश्य जवळ येते, पण मावते कमी. नंबर लहान तर उलटे. मी पन्नासची व्हायची होते आणि भरले एक्कावन्नच्याही पुढे. वाटले, चालले मी भंगारात. पण बाई शेजारणीला म्हणाल्या, "पन्नासच कोर. या सगळ्या थोड्या पुढेच जातात." आणि पुढची लेन्स उचलली.

जीव भांड्यात पडला, पण एक प्रश्न मात्र तेव्हापासून मनात राहिला. नेमके पन्नास कोणीच भरत नाही, तर पन्नासचा एवढा आग्रह कशासाठी?

मला एका स्टुडिओत जागा मिळाली. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची ती एकच खोली होती. मागे राखाडी पडदा, पुढे एक स्टूल, त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी. सगळे जिला ताई म्हणत ती फोटो काढायची. तिचा धाकटा भाऊ पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचा आणि बाहेर आला की त्याच्या हाताला आंबूस वास यायचा. कपाटात माझ्याबरोबर आणखी दोघी होत्या. पस्तीस अघळपघळ स्वभावाची, सगळ्यांना पोटात घेणारी. पंच्याऐंशी नुसते चेहरे काढायची आणि त्याचा तिला कोण तोरा होता. मी मधली. कामाला मात्र रोज मीच. "हिच्यातून माणूस माणसासारखा दिसतो," असे ताई म्हणायची. एवढ्या कौतुकावर माझी कितीतरी वर्षे आनंदात गेली.

आमचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा. त्यात माझ्यातून आरपार बघता येत नसे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बोटाएवढी काचेची खिडकी सरकवायची आणि तिच्यातून किती मावते ते पाहायचे. दर नंबराची खिडकी वेगळी. लेन्स बदलली की खिडकीही बदलायची, हा ताईचा नेम होता.

एके दिवशी बेकरीवाल्यांचे सगळे कुटुंब जिना चढून आले. त्यांच्या आजीला दुपारी इस्पितळात दाखल व्हायचे होते, दुसऱ्या दिवशी हृदयाचे ऑपरेशन होते. त्याआधी सगळ्यांचा एकत्र फोटो हवा, असा आजीचा हट्ट. ताई नुकतीच एका सुताराच्या अरुंद कारखान्यातून परतली होती, त्यामुळे कॅमेऱ्यावर पस्तीस होती. आजी मधोमध बसल्या, बाकीचे दोन्हीकडे पसरले. थोरली सून भट्टीवरून सगळ्यात शेवटी आली, हातांना पीठ तसेच, आणि एका टोकाला उभी राहिली.

ताईने पाहिले आणि मान हलवली. "पस्तीसनं कडेची माणसं फुगून दिसतात," ती म्हणाली, आणि मला चढवले.

खाली रिक्षा थांबली होती, नातवंडे हलत होती, कोणीतरी घाई करा म्हणत होते. ताई मागच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, खिडकीतून पाहिले, सगळे मावले. दोन-तीनदा बटण दाबले आणि मंडळी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने ओली कॉपी चिमट्यात धरून आणली. मधली माणसे छान आली होती. पण एका टोकाला आजींचा धाकटा मुलगा अर्धाच होता, आणि दुसऱ्या टोकाला थोरली सून नव्हतीच. होते ते तिचे पिठाचे कोपर.

तेवढ्यात तीच जिना चढून आली. ऑपरेशनच्या आधी आजींना फोटो बघायचा होता. थोरलीने कॉपी हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "कोणीतरी कडेला असतंच. आमच्या घरी ती मीच असते."

"वहिनी, मी मुद्दाम नाही हो..."

"आईंना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांना सगळे आले असंच वाटेल." आणि कॉपी पदराखाली धरून ती गेली.

ताई स्टुलावर बसून राहिली. आजींचे काही बरेवाईट झाले, तर तो फोटो पुन्हा कधीच निघणार नव्हता. आणि भावाने सगळा दोष माझ्या माथी मारला. "लेन्स म्हातारी झालीय, आतलं भिंग सरकलं असणार," म्हणत त्याने मला कॅमेऱ्यावरून उतरवले आणि मोडक्या सामानाच्या डब्यात टाकले. "घड्याळवाला आला की देऊन टाकू. भिंगं काढून घेईल."

मित्रांनो, गंजलेल्या स्क्रूंमध्ये पडल्या पडल्या मला रडू आले. लेन्सला रडता येत नाही, म्हणून राहिले इतकेच. खरेच का मी सरकले होते? की कारखान्यातले ते जास्तीचे माप आता भोवत होते?

माझी चामड्याची पिशवी रिकामीच उरली होती. ती कपाटात ठेवायला ताईने उचलली, तर आत काही टणक लागले. तिने पिशवी उलटी केली. हातावर पडली माझी खिडकी, पन्नासची.

ताईने कॅमेऱ्याकडे पाहिले. त्याच्या डोक्यावर पस्तीसची खिडकी तशीच होती. तिने आधी एक डोळ्याला लावली, मग दुसरी. एकीतून खोलीच्या दोन्ही भिंती दिसत होत्या, दुसरीतून नुसता पडदा.

"अरे, लेन्स नाही गेली," ती ओरडली. "माझंच डोकं गेलं होतं. खिडकी पस्तीसची आणि डोळा पन्नासचा. मला सगळे दिसत होते आणि हिला दिसतच नव्हते."

भाऊ धावत आला. त्याने मला डब्यातून काढले, शर्टाच्या टोकाने पुसायला गेला, ताईने हातावर चापट मारली आणि मऊ कापडाने पुसले. मला काय हायसे वाटले म्हणून सांगू.

पण ताईला एवढ्यात हायसे वाटणार नव्हते. ती मला कॅमेऱ्यासकट गळ्यात अडकवून तडक इस्पितळात गेली. आजींना आत नेले होते. सगळे कुटुंब बाकांवर बसले होते आणि थोरली नेहमीप्रमाणे टोकाच्या बाकावर होती. ताई तिच्याशेजारी बसली आणि दोन्ही खिडक्या तिच्या ओंजळीत ठेवून झालेला घोटाळा सांगितला.

थोरलीने एकीतून पाहिले, दुसरीतून पाहिले. मग बंद दाराकडे पाहिले. मन दुसरीकडे वळवायला तिला काहीतरी हवेच होते.

"पण पस्तीस, पन्नास असे ठरलेलेच नंबर कशाला? मधले का नाही करत?" तिने माझाच प्रश्न विचारला.

"करतं कोणी कोणी. फिल्मची चौकट तिरकी मापली तर त्रेचाळीसच्या आसपास भरते. खरं तर तेवढी लेन्स साधं, सरळ दाखवते. पण सुरुवातीला कॅमेरेवाल्यांनी पन्नास धरला, तो जमला. मग खिडक्या तशा झाल्या, नवे कॅमेरे त्याच हिशेबानं झाले, शिकणारे तेच शिकले. आता एखादा मधलाच नंबर केला तर त्याला खिडकी कुठून आणायची? आणि जवळजवळच्या नंबरांत फरक काय दिसणार? पस्तीस आणि पन्नासात दिसतो. माणूस राहतो की जातो एवढा."

"आमच्या पावाच्या साच्यांसारखं झालं," थोरली म्हणाली. "साचा बदलायचा तर कागद बदला, खोका बदला, फळीसुद्धा बदला. आणि पाव काय, प्रत्येक जरा उन्नीस-बीस निघतोच. त्याला आपण अर्ध्या किलोचाच म्हणतो."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला उत्तर मिळाले. पन्नास म्हणजे काटेकोर माप नव्हेच. तो दहा जणांनी मिळून पाळलेला शब्द आहे. मी एक्कावन्नच्या पुढे असले तरी त्या शब्दाला जागते, आणि खिडकीनेही जागावे लागते.

थोरलीने दोन्ही खिडक्या ताईच्या हातात परत दिल्या. मग म्हणाली, "ताई, सकाळी आईंनी चष्मा मागितलाच. एकेकाला बोट लावत गेल्या आणि म्हणाल्या, थोरली कुठाय? मी कोपर दाखवलं. तर म्हणाल्या, हे कोपर मी कुठेही ओळखीन, घरातली सगळी कणीक यानंच मळलीय. म्हणाल्या, हा फोटो परत काढायचा. त्यासाठी तरी परत येते." आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

दुपार कलताना दार उघडले. डॉक्टरबाईंनी तोंडावरची पट्टी खाली केली. "सगळं नीट झालं. आजी शुद्धीवर येताहेत." थोरलीने ताईचा हात इतका घट्ट धरला की मी त्यांच्यामध्ये चेंगरले, पण मला त्याचे काहीच वाटले नाही.

आजी हिंडूफिरू लागल्यावर बेकरीसमोरच्या मोकळ्या जागेत फोटो पुन्हा काढला. ताईने आधी खिडकी तपासली, मग भावाने तपासली, मग आजींनीही मागून घेऊन तपासली. थोरली सवयीने टोकाला निघाली होती. आजींनी ते कोपर धरले आणि तिला आपल्या शेजारी ओढून बसवले. मी सगळ्यांना पाहिले, कडेपासून कडेपर्यंत.

आज ताईकडे नवे कॅमेरे आहेत आणि मी बहुतेक वेळ कपाटात असते. तक्रार नाही. तुमच्या घरीही कुठे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा, मऊ कापडाने पुसा, आणि फोटो बिघडला तर डब्यात टाकण्याआधी एकदा पिशवी उलटी करून बघा.

बेकरीच्या भिंतीवर आता दोन्ही फोटो आहेत. चुकलेला काढून टाका, असे थोरली कितीदा म्हणाली, पण आजी ऐकत नाहीत. गिऱ्हाईक आले की त्या काठीने ते कोपर दाखवतात आणि सांगतात, "ही आमची थोरली."