पाणी गेलं कुठे

पेट्रिशियाने लेख पुन्हा परत पाठवला आणि क्षमाने मोबाईल सोफ्यावर भिरकावला. लेख तो केवढा? जेमतेम पानभर. मुलांच्या पुस्तकासाठी ‘दरड कशी कोसळते’ एवढंच समजावून सांगायचं होतं. चाळीसेक पुस्तकं भाषांतरित केलेल्या बाईला एवढं जमू नये म्हणजे काय!

पेट्रिशिया अंधेरीतल्या प्रकाशनाची संपादक. बाई सोन्यासारखी, पण जिभेला हाड नाही. तिने आवाजी निरोप ठेवला होता. “क्षमा, यार, ही नुसती माहिती झाली गं. डोंगर असतो, पाऊस पडतो, दरड कोसळते. पोरांना वाटेल डोंगराची मर्जी! एकातून दुसरं निघालं पाहिजे ना. पाऊस पडला, मग त्या पाण्याचं काय झालं? कुठे गेलं ते? त्याला सोडू नकोस, त्याच्या मागे मागे जा. आणि आजच दे हां, वाट लागलीये माझी.”

आज म्हणजे पंधरा ऑगस्ट. सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी पाण्याच्या मागे जा म्हणे! क्षमा चरफडत लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. आठवडाभर धो धो कोसळून पाऊस नुकता थांबला होता. खिडकीखाली खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते आणि त्या सगळ्यावर नंदकुमारचा आवाज होता. “अरे, भिंतीला लागून लावा, तिथे कोरडं आहे!”

नंदकुमार म्हणजे क्षमाचे यजमान आणि मुलुंडच्या या गिरिछाया सोसायटीचे सेक्रेटरी. आज त्यांचा दिवस होता. सोसायटीच्या मागे डोंगर, डोंगराला अडवणारी उंच भिंत आणि त्या भिंतीत ओळीने ठेवलेली भोकं. दर पावसाळ्यात त्या भोकांतून गढूळ पाणी ठिबकायचं. स्कूटर चिखलात, डास घरात, आणि मीटिंगमध्ये आरडाओरडा. लीकेज हा शब्द ऐकला की मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीचं डोकं फिरतं, तसं गिरिछायाचंही फिरायचं. शेवटी नंदकुमारनी मे महिन्यात माणूस लावून एकूण एक भोक सिमेंटने बुजवलं आणि भिंतीला झकास रंग दिला. तेव्हापासून थेंब नाही. म्हणून यंदा झेंडावंदन गेटऐवजी मागच्या अंगणात होतं, आणि नंतर अध्यक्ष चंद्रप्रकाश यांच्या हस्ते नंदकुमारना शाल-श्रीफळ. सकाळपासून स्वारी कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून मिरवत होती.

क्षमाने लिहायला घेतलं. पाऊस पडतो. पाणी मातीत मुरतं. मातीच्या कणांमधली जागा पाण्याने भरते. माती जड होते, कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पाणी उताराने खाली यायला बघतं. चला, जमतंय म्हणायचं! खाली भिंत असेल तर ते भिंतीपाशी येतं. भिंतीला भोकं ठेवलेली असतात, त्यांतून बाहेर पडतं, म्हणून भिंत टिकते. भोकं नसतील तर पाणी मागे साठत जातं, साठत जातं आणि भिंतीला...

तिचा हात थांबला. ती उठून खिडकीशी गेली. खाली रंगवलेली भिंत कोरडी ठणठणीत होती. आठवडाभर पाऊस. मग पाणी गेलं कुठे?

छे, काहीतरीच! तिने उगाच ओटा पुसला. आपण बीए मराठी, आपल्याला भिंतींतलं काय कळतं? त्यांनी विचारलं असेलच कुणाला तरी. तिने चहाचं आधण ठेवलं, गॅस बंद केला, परत लावला. खरं निघालं तर? आणि खोटं निघालं तर? चारचौघांत नवऱ्याचा पचका करणारी बायको म्हणून जन्मभर नाव होईल, आणि ते बिचारे आज किती खुशीत आहेत. खाली माइक खरखरला. तिने पुन्हा ओटा पुसायला घेतला, फडकं तसंच टाकलं आणि चप्पल न घालता जिना उतरली.

अंगण भरलं होतं. तळमजल्यावरच्या मीराकाकू सगळ्यांत मागे, भिंतीला खुर्ची टेकवून बसल्या होत्या. क्षमाने नंदकुमारना हाताला धरून बाजूला ओढलं.

“अहो, भोकं बुजवताना इंजिनिअरला विचारलं होतं?”

“आत्ता? हे आत्ता विचारायचंय तुला?”

“विचारलं होतं का?”

“त्या माणसाने सांगितलं काही होत नाही म्हणून. थेंब येत नाही, बघ ना.”

“तेच तर! येत नाही, मग गेलं कुठे? आठवडाभराचं पाणी त्या भिंतीमागे उभं आहे. सगळ्यांना पुढे न्या, पाया पडते.”

“क्षमा, घरी बोलू,” ते दात ओठ खात म्हणाले. लोक बघत होते. चंद्रप्रकाशांनी माइकवरून पुकारलंच, “सेक्रेटरी साहेब, या!”

तिला रडू आलं, रागही आला. तिने सरळ जाऊन माइक घेतला आणि घाईघाईत सगळं सांगितलं. पाणी मुरतं कसं, साठतं कसं, ढकलतं कसं. पेट्रिशिया असती तर एकही वाक्य तिने परत पाठवलं नसतं. पण अंगणात हशा पिकला.

“वहिनी, आज सुट्टी आहे, शाळा नको!” कुणीतरी ओरडलं.

“बरं, मी चुकते,” क्षमा म्हणाली. “मग तुम्ही सांगा. दर वर्षी इथून जे पाणी यायचं ते यंदा कुठे गेलं? कुणीही सांगा, मी निमूट वर जाते.”

हसू हळूहळू विरलं. नंदकुमार मात्र लाल झाले होते. हिला आता दाखवतोच, अशा आवेशाने ते भिंतीकडे गेले आणि थाप मारायला हात उचलला. थाप मारलीच नाही. लांबून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या रंगात एक लांब चीर आडवी गेली होती आणि तिच्याखाली भिंत बाहेर आली होती, पोट सुटल्यासारखी.

“उठा,” ते म्हणाले. मग ओरडलेच, “उठा सगळे! गेटवर चला! खुर्च्या राहू द्या!”

ज्यांनी बायकोचं ऐकलं नव्हतं ते नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून पळाले. मीराकाकूंना ऐकू कमी येतं, त्या बसूनच होत्या. नंदकुमारनी त्यांना अक्षरशः उचललं. क्षमा गेटजवळून ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. मीराकाकूंना घेऊन नंदकुमार इमारतीचा कोपरा वळले आणि मागे भिंत आडवी झाली. खुर्च्या, स्कूटर, माइक, झेंड्याचा खांब, सगळं लाल चिखलाखाली गेलं. अजून चढवायचा राहिलेला झेंडा तेवढा चंद्रप्रकाशांनी छातीशी धरून आणला होता.

कुणाला ओरखडाही आला नाही. रडारड झाली, मोजामोजी झाली. आवाज ऐकून पलीकडच्या हेरंब सोसायटीतले लोक धावत आले, हळहळले, फोटो काढले आणि आपला कार्यक्रम राहिलाय म्हणून परत गेले. नंदकुमार पायरीवर बसून होते. कुर्ता चिखलाने भरलेला.

अग्निशमन दलाची गाडी लगेच आली. अधिकाऱ्याने कागद काढून विचारलं, “कसं झालं?”

मग चंद्रप्रकाशच पुढे झाले. “पाऊस, साहेब. अतिवृष्टी. निसर्गापुढे कुणाचं काय चालतं!”

“हो ना,” चारपाच जण एकदम म्हणाले. नंदकुमारसाठीच म्हणाले. क्षमाला इतकं हायसं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. मिटलं तर मिटू दे, माणसं वाचली ना, असं मनाशी म्हणत ती गप्प राहिली. अधिकारी लिहायला लागला.

“साहेब, ते खोडा.” नंदकुमार पायरीवरून उठले होते. “पावसाने नाही झालं. पाणी बाहेर पडायची भोकं मी बुजवली.”

“अहो...” क्षमाच्या तोंडून गेलं.

“माझं काय करायचं ते नंतर करा,” ते तिच्याकडे न बघता अधिकाऱ्याला म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. “आधी हेरंबमध्ये चला. भिंत हीच आहे, पुढे त्यांच्या मागे गेलीये. माझं बघून त्यांनीही भोकं बुजवली. माणूस मीच पाठवला होता.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. पलीकडे हेरंबच्या अंगणात माइकवर कुणाचं तरी भाषण चालू होतं, मधेच टाळ्या पडल्या. क्षमा अनवाणीच गेटबाहेर धावत सुटली.