बागिनातले आरसे

आमचे हे, रघूत्तमराव, जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि तोंडाला कुलूपच लागलं. अय्यो, घरात बोलायचं म्हणजे मी एकटीनंच का? म्हणून गणपतीला आमच्या अपार्टमेंटचा सेक्रेटरी प्राणेश, त्याला मीच सांगितलं, यांचं एक भाषण ठेव म्हणून. विषय यांनी निवडला: प्रोजेक्टर चित्र कसं काढतो. आठवडाभर स्वयंपाकघरात तालीम चालली, मला सगळं पाठ झालं. एकदा मात्र हे हळूच म्हणाले, "तुंगा, तिथं फजिती झाली तर मी पुन्हा कुणापुढे उभा राहणार नाही."

चतुर्थीला सकाळी हॉल भरला. यांनी बटण दाबलं, प्रोजेक्टर जरा घरघरला आणि त्यानं मान टाकली. प्राणेशनं वायरी हलवून बघितल्या, मग म्हणाला, नेक्स्ट इयर करू सर. लोक उठायला लागले. हे कागद गोळा करत होते. ते बघून माझं काळीज तुटलं आणि मग असा राग आला म्हणता! सुम्ने गप्प बसते काय मी?

आदल्याच दिवशी गौरी हब्बा, म्हणजे गौरीचा सण, झालेला. म्हैसुरात त्या दिवशी सवाष्णी एकमेकींना सुपातून वाण देतात, त्याला बागिना म्हणतात. त्यात फणी, बांगड्या, काजळ आणि टिचभर आरसा. फणी तरी वापरतो, आरशांचे मात्र घरोघरी डबे साठलेत. मी माझा डबा आणला, बायकांना हाताला धरधरून अंगणात उन्हात ओळीनं उभं केलं. समोरची भिंत सावलीत होती.

"अहो, हे घ्या तुमचे आरसे," मी म्हटलं. "आता बोला."

यांनी डब्यातले आरसे एकेकीच्या हाती दिले. मग मुलांकडून खडू मागून घेतला, भिंतीवर गोल काढले आणि एकेकीला एकेक गोल नेमून दिला. म्हणाले, प्रोजेक्टरच्या पोटात नखाएवढ्या तुकड्यावर असेच लाखो आरसे असतात, केसाहून बारीक. आरसा इकडे कलला की उजेड, तिकडे कलला की काळोख. यांनी टाळी वाजवली, आम्ही आरसे कलवले, आणि भिंतीवर दोन डोळे नि एक हसरं तोंड उमटलं. मुलं नाचायला लागली. जेवायच्या रांगेतले लोकही परत आले.

खालच्या मजल्यावरच्या सीतालक्ष्मींचा हात कापतो. त्यांचा उजेड गोलात येई आणि जाई. त्या ओशाळून मागे सरकल्या.

"सीतालक्ष्मम्मा, थांबा," हे म्हणाले. "खरा आरसासुद्धा सेकंदात हजारो वेळा असाच हलतो. अर्धा वेळ उजेड, अर्धा वेळ काळोख, म्हणून करडा रंग दिसतो. तुम्ही गेलात तर माझ्या चित्रात करडा कुठून येणार?"

सीतालक्ष्मी पुन्हा ओळीत आल्या, चांगल्या ताठ उभ्या राहिल्या.

शेवटी यांनी सगळ्यांना आरसे फिरवायला सांगितलं. भिंत काळी झाली. उजेडाचा एकच ठिपका उरला, तोही भिंतीवर नाही, यांच्या सदऱ्यावर, खिशाच्या जरा वर. यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी थांबली.

"तुंगा, तुझा आरसा अडकलाय."

"अडकू दे," मी म्हटलं. "तुम्ही बोला."

हे हसले. मग जे बोलायला लागले, ते पानावरचे कडबू निवले तरी थांबले नाहीत.