गाळलेली कोरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना मराठी टाईपरायटर आहे. आता साताऱ्यातल्या एका कचेरीच्या अडगळीत धूळ खात पडलोय. एके काळी माझी टकटक ऐकून लोक म्हणायचे, "छापलंय म्हंजे खरंच!" तेव्हा मी कसा फुशारून जायचो! आज तेच शब्द आठवले की जीव तुटतो.

१९७१ च्या डिसेंबरात लढाई झाली. मेढ्याकडच्या खेड्यांतली कितीतरी पोरं सरहद्दीवर होती. जवानांची खबर गावी कळवणाऱ्या आमच्या कचेरीत प्रत्येक गावाचे दोन कागद असत. एकावर जवानांची नावं, दुसऱ्यावर त्याच क्रमानं त्यांची खबर. दोन्हींतली एकेक ओळ शेजारी शेजारी छापून मी एक यादी करायचो. ती गावच्या चावडीवर वाचली जायची.

खबरीचा कागद हरिबा लिहायचे. ते जुने फौजी. कुणी जवान पडला, तर त्याची ओळ ते कोरी सोडायचे. "असली खबर कागदानं धाडू नये रं. आईम्होरं बसून सांगावी," म्हणायचे. मग स्वतः त्या घरी जायचे.

त्या दिवशी कृष्णातची ओळ कोरी होती. टायपिस्ट लालासाहेब नुकताच कामाला लागला होता, ही रीत त्याला कुणी सांगितलीच नव्हती. ओळ चुकून सुटली असं समजून त्यानं ती गाळली. झालं! खालच्या सगळ्या खबरी एकेक ओळ वर सरकल्या. कृष्णातच्या नावापुढं मी ठसठशीत छापलं, 'खुशाल आहे'. शेवटचं नाव खबरीविना उरलं, पण ती मागून येईल म्हणून लालासाहेबानं कागद संध्याकाळच्या एसटीनं धाडून दिला.

सकाळी हरिबा गावात पोहोचले, तर कृष्णातची आई तानुबाई चावडीवरचा कागद हाती घेऊन दारोदार गूळ वाटत होती. "आवं हरिबा, त्वांड ग्वाड करा की! माजा कृष्णात खुशाल हाय. छापून आलंय!"

हरिबांनी गूळ घेतला नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि माउली समजली.

परत आल्यावर हरिबा लालासाहेबाला रडत सांगत होते, "चुकीचा कागद माघारी मागितला, तर तिनं छातीशी धरला. म्हनली, ह्यो न्हाई द्यायची मी. एवढ्या एकाच कागदावर माजा ल्योक जिता हाय."

मित्रांनो, कुठं कोरी ओळ दिसली तर पुढं जाण्याआधी ती कोरी का, एवढं कुणाला तरी विचारा. तुम्हाला विचारता येतं. मला नुसतं छापता येत होतं.